रंगाखालच्या फुल्या

रहिमतपूरचा जोतीराम हवालदार अठरा वर्षं फौजेत काढून सांगलीजवळच्या ॲसिडच्या कारखान्यात पाइपांवर नजर ठेवायला लागला. काम सोपं होतं. लाइन रिकामी झाली की हातोडीनं पाइप ठोकायचा, बद्द आवाज आला की आतून झिजला समजायचं आणि खडूनं फुली मारायची. मग फिटर बाळगोंडा तेवढा तुकडा बदलायचा. वहीत लिहा, असं बाळगोंडा कितीदा म्हणाला. पण हवालदारांना आपल्या डोक्याचा कोण अभिमान!

चौऱ्याहत्तरच्या मार्चात मुंबईचे मोठे साहेब तपासणीला यायचे ठरले. जोतीरामला कायम करायचं की नाही, तेही तेच ठरवणार होते. फौजेत साहेब यायचा म्हणजे दगडालासुद्धा चुना लागतो. जोतीरामनं आदल्या दिवशी झाडून सगळ्या पाइपांना पिवळाधमक रंग दिला.

सकाळी बाळगोंडा नवे बेंड, म्हणजे पाइपांच्या वळणाचे तुकडे, घेऊन आला. "हवालदार, परवाच्या फुल्या कुठं हायत?"

जोतीरामनं वर पाहिलं. छत्तीस बेंड एकासारखे एक चमकत होते.

"आवं, बोला की! साहेब आता लाइन चालू करनार."

एक दिवस निभेल की, असं जोतीरामच्या मनात आलं. त्याच पाइपांखाली झाडूवाली चंद्राबाई झाडत होती. तिला पाहून त्याची त्यालाच शरम वाटली.

साहेब आले, पाइप पाहून खूश झाले आणि त्यांनी व्हॉल्व्हला हात घातला. जोतीराम ताठ उभा राहिला. "उघडू नका, साहेब. दोन बेंड झिजल्यात."

"कुठले?"

"त्ये सांगता येत न्हाई. रंग लय चांगला बसलाय."

"कुणी दिला रंग?"

"म्याच."

साहेबांनी व्हॉल्व्हवरचा हात काढला. चंद्राबाईला बाहेर पाठवून त्यांनी शिडी मागवली. चौथ्या बेंडात जोतीरामची हातोडी आरपार गेली. अकराव्यातही गेली. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. मग त्यांनी जोतीरामच्या पाठीवर थाप मारली, कायम करायचा कागद मागवला आणि पेन काढलं. बाळगोंडा हसला. जोतीरामला मात्र रडू यायचं बाकी होतं.

"साहेब, सही तवर ऱ्हाऊ द्या."

"का? दोन्ही सापडले ना?"

"दोन म्हनालो खरं. पर फुल्या दोन हुत्या का तीन, त्येच आठवंना झालंय."

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. जोतीराम बाराव्या बेंडाखाली शिडी ओढू लागला.