मैमूनाखालांचं मराठी

टेंभुर्णीच्या फलकनं अनुवादाची पहिली वीस पानं अरुंधतीताईंना पाठवली तेव्हा तिला शाबासकीची खात्री होती. घरात उर्दू, शाळेत मराठी. दोन्ही भाषा तिच्या तोंडात सारख्याच रुळलेल्या. पुस्तक होतं मैमूनाखालांच्या, म्हणजे तिच्या मावशीच्या, आठवणींचं. खाला चौतीस वर्षं उर्दू शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, आणि वहीत सगळं उर्दूत रोखठोक लिहून ठेवलेलं.

अरुंधतीताईंनी पुण्याच्या एका प्रकाशनात उभी हयात संपादनात घालवली होती. आता त्या जालन्याला परतल्या होत्या आणि नव्या लिहिणाऱ्यांना दर शनिवारी घरी बोलवायच्या. त्यांनी पानं फलकच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "मोठ्यानं वाच."

फलक वाचू लागली, "माझ्या वडिलांनी मला शिक्षण घेण्यास अनुमती दिली..."

"कोण बोलतंय हे?"

"मैमूनाखाला."

"जा, त्यांनाच वाचून दाखव."

फलकला राग आला. पण दुसऱ्या दिवशी ती खालांकडे गेली. खालांना मराठी चांगलं कळायचं. अर्धं पान ऐकून त्यांनी हात वर केला. "ये मैं नै बोली, बेटा. ये तो कलेक्टर आफिस का कागज है."

मग फलकनं त्यांनाच विचारलं, बाजारात, शेजारी, शाळेत तुम्ही मराठी कसं बोलायच्या? खाला बोलत गेल्या, फलक लिहीत गेली. महिन्याभरात ते वाक्य असं झालं: 'अब्बा म्हनले, जा, शीक. पन घरचं काम सुटनार न्हाई.'

अरुंधतीताई हे वाचून खूश झाल्या. तरी समासात त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'संवादात बोली ठेव, निवेदन प्रमाण मराठीत कर.'

ताईंना उलट बोलायची फलकला सवय नव्हती.

"ताई, मंग खाला बोलतात एका भाषेत आणि आठवतात दुसऱ्या, असं होईल."

ताईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आले," त्या म्हणाल्या, आणि खोडरबर घेऊन स्वतःची ओळ पुसून टाकली. "पण वरदसुद्धा हेच म्हणणार. त्याला तूच उत्तर द्यायचं. मी तोंड उघडणार नाही."

वरद त्यांच्याच जुन्या प्रकाशनात आता संपादक होता. सुरुवातीची पानं त्याला पाठवली आणि पुढच्या शनिवारी ताईंच्या घरूनच फोन लागला. ताई समोर शेंगा सोलत बसल्या.

"मजकूर जबरदस्त आहे," वरद म्हणाला, "पण निवेदन प्रमाण भाषेत हवं. वाचक अडखळेल."

फलकनं ताईंकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही.

"सर, पुढची दोन पानं वाचते. जिथं अडखळाल तिथं मला थांबवा."

ती वाचत गेली. शाळेतला पहिला दिवस, रुसून बसलेली पोरं, गळकं छप्पर. वरद एकदा हसला. त्यानं एकदाच थांबवलं, "तख्ती म्हणजे?"

"लिहायची लाकडी पाटी. पुढच्याच वाक्यात पोरं तिला मुलतानी मातीनं सारवून राह्यली. तिथं कळतं."

पुढचं वाक्य ऐकून वरद म्हणाला, "कळलं. बरं, असंच राहू द्या. पहिली पाच प्रकरणं पंधरा दिवसांत पाठवा."

"पाठवते. आणि सर, अनुवादकाचं नाव कव्हरवर येईल ना?"

"आत पहिल्या पानावर देतो आम्ही."

"मला कव्हरवर पाहिजे. हे मराठी बनवायला मी महिनाभर खालांसमोर बसले."

"ठीक आहे. कव्हरवर."

फोन ठेवल्यावर ताईंनी सोललेल्या शेंगांची ताटली तिच्याकडे सरकवली. "नावाचं तुला मी शिकवलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"न्हाई. ते माझं मलाच सुचलं."

पुस्तक आलं तेव्हा खालांनी कव्हरवरची दोन्ही नावं बोटानं चाचपली आणि दहा प्रती जुन्या विद्यार्थिनींना वाटून टाकल्या. वर्षभरात फलकला दुसऱ्या प्रकाशनाचं काम मिळालं. ते तिनं स्वतः बोलून ठरवलं आणि करारावर सही झाल्यावरच ताईंना सांगितलं. ताई जराशा रुसल्या. मग चहा टाकायला उठत म्हणाल्या, "आण तो करार इकडं, वाचू तरी दे."