पार्वतीने दाखवलेली जागा

पाळी गावचा यशवंत गावस पाण्यात उतरायचा तो डोळे मिटून. यात फुशारकी नव्हती; खाणीच्या लाल पाण्यात डोळे उघडे ठेवून करायचं तरी काय? खाण चालू होती तेव्हा तो पंपावर कामाला होता. खाण बंद पडली, पंप थांबले, खड्डा तुडुंब भरला, आणि तळाशी गेलेले पंप वर काढता काढता तो बुडी मारायला शिकला. पुढे रीतसर शिक्षण झालं, पाठीवर सिलिंडर आलं, आणि सागरी पोलिसांच्या स्वयंसेवक पाणबुड्यांत त्याचं नाव पहिलं लागलं. पगार नाही, फक्त एक निळा टी-शर्ट. तो टी-शर्ट घालून यशवंत जवळच्या साखळी गावच्या बाजारालाही जायचा, आणि कुणी विचारलं नाही तर त्याला वाईट वाटायचं.

त्याचा एक ठाम सिद्धांत होता: माणूस जिथे बुडतो तिथेच असतो. पंपावरचा त्याचा सोबती सखाराम खाणीत घसरून पडला, तो चौथ्या दिवशी यशवंतलाच सापडला, पाय घसरल्याची खूण होती तिच्या बरोबर खाली. चेहरा झोपल्यासारखा. घरच्यांनी तोंड बघितलं, पाणी पाजलं आणि मग नेलं. सागरी पोलिसांनी यशवंतला आजवर दोनदा नदीवर बोलावलं होतं, एकदा नांगरासाठी, एकदा इंजिनासाठी. तीही पडली तिथेच सापडली. आता एवढं झाल्यावर सिद्धांत डोक्यात घट्ट बसणारच.

तिसरं बोलावणं केरीहून आलं. तेरेखोल नदीत पलीकडच्या रेडीचा तुषार नावाचा तरुण होडी नांगरून जाळं ओढत होता. सकाळी नवाच्या सुमाराला तो तोल जाऊन पडला. फेरीबोटीवरच्या लोकांनी बघितलं, डोकं एकदा वर आलं आणि मग आलंच नाही. पोहण्यात पट्टीचा होता, पण लहानपणी त्याला फीट यायची. यशवंत आणि त्याचा जोडीदार विशाल पाळीहून पोचले तेव्हा दुपार झाली होती. रिकामी होडी नांगरावर तशीच डुलत होती. सागरी पोलिसांची लाँच समुद्राच्या बाजूने शोध घेत होती. यशवंतने होडीकडे बोट दाखवून धक्क्यावरच्या पोलीस साहेबांना सांगितलं, की जागा कळलीय, आता वेळ फार लागायचा नाही.

धक्क्यावर तुषारची आई बसली होती, पार्वती. रडत नव्हती, पाण्याकडे बघत होती. यशवंत पट्टे आवळत असताना ती उठून जवळ आली आणि म्हणाली, "बाबा, थंय नाय तो. भरतीच्या तोंडाक पडलो. वरच्या अंगाक तिवरां आसत, थंय बघ."

यशवंत तिच्याशी नीट बोलला, हे सांगायला हवं. मावशे, तू बस, आम्ही आहोत, असं म्हणाला. पण ऐकलं नाही. दुःखात माणूस काहीही बोलतं, असं त्याला वाटलं आणि त्या बाईची त्याला खरोखर दया आली. तिचा नवरा तीस वर्षं याच पाण्यात जाळी टाकत होता आणि ती त्याच्यासोबत वल्हं मारत होती, हे त्याने विचारलंच नाही.

पहिला दिवस होडीखाली गेला. दुसराही गेला. यशवंत तळ हाताने चाचपत होता, वीतभर जागा सोडत नव्हता. पार्वतीने दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा वरच्या अंगाला हात दाखवला, आणि यशवंतने नुसती मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी सकाळी भरतीचं पाणी नदीत वर चढू लागलं होतं. यशवंत बुडी मारून वर आला, तेव्हा त्याच्या कमरेची दोरी धरून बसलेला विशाल सहज म्हणाला, की खाणीत दोरी कशी सरळ खाली लोंबते, इथे ती तीन दिवस तिरपी चालली आहे. यशवंतने दोरीकडे बघितलं. ती वरच्या अंगाला ताणली गेली होती, तिवरांच्या दिशेला. कमरेला शिसं बांधूनही जागेवर राहायला आपल्याला होडीच्या नांगराला धरावं लागतंय, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मग ज्याच्या कमरेला शिसं नाही तो जागेवर कसा राहील? इतकी साधी गोष्ट, आणि आपण सिद्धांत कवटाळून बसलो, या विचाराने त्याला स्वतःचीच चीड आली.

तो पाणी निथळत धक्क्यावर गेला आणि पार्वतीपुढे उकिडवा बसला. नेमकं कुठे, असं त्याने विचारलं. तिने टोमणा मारला नाही. वळणावर एक ओहोळ नदीला मिळतो, भरतीत सुटलेलं वल्हं, फाटलेलं जाळं, सगळं तिथल्या तिवरांच्या मुळांत अडकतं, असं तिने हाताने दाखवत सांगितलं.

पाव तासात तुषार सापडला. मुळांत, हातभर पाण्याखाली.

खाणीच्या पाण्यात खेकडे नसतात. नदीत असतात. हेही यशवंतला ठाऊक होतं, आणि हेही त्याने हिशेबात धरलं नव्हतं. होडीत ठेवलेला आपला निळा टी-शर्ट त्याने काढला आणि तुषारच्या चेहऱ्यावर घालून कडा नीट खोचल्या. विशालने तोंड फिरवलं.

धक्क्यावर पार्वतीचा हात टी-शर्टाकडे गेला. यशवंतने तिचं मनगट हलकेच धरलं आणि तुषारचा उजवा हात तिच्या हातात दिला. अंगठ्याखाली कालवाच्या शिंपेने कापल्याचा जुना व्रण होता. तिने तो बोटाने चाचपला आणि बराच वेळ हात धरून ठेवला.

मग तिने विचारलं, "तोंड दिसाचा नाय?"

"नाय, मावशे."

"पयल्या दिसाक गेलो असतस तर?"

साहेब मध्ये काहीतरी बोलू पाहत होते, पाण्याचं कुणी सांगू शकत नाही, अशा अर्थाचं. यशवंतलाही ते म्हणता आलं असतं, आणि कुणी त्याला खोटं पाडलं नसतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे सखारामचा चेहरा आला, आणि त्याच्या तोंडात पाणी घालणारी त्याची बायको आली.

"तोंड दिसला असता," तो म्हणाला. "तू सांगितलंस. मी आयकूक नाय. चूक माझी."

पार्वती त्याच्याकडे बघत राहिली. ती शिव्या देईल तर बरं होईल, असं त्याला वाटलं. तिने दिल्या नाहीत. तिने मुलाचा हात हळूच खाली ठेवला आणि पदराने आपलं तोंड पुसलं.

"फुडे खंयच्याय आयशीन सांगल्यान," ती म्हणाली, "तर आयक."

यशवंत उठला. त्याने उघड्या अंगाने स्ट्रेचरची पुढची बाजू उचलली, आणि पार्वती ज्या पावलाने चालत होती त्याच पावलाने गाडीपर्यंत चालत गेला.