उघडा ठेवलेला कोपरा

त्या दोन खोल्यांच्या घरात दोघीजणी भाड्याने राहायच्या. एक बेकरीत केकवर नक्षी काढायची. दुसरी चष्म्याच्या दुकानात लोकांचा नंबर तपासून द्यायची. बेकरीवालीला जुन्या सामानाचा भारी नाद. सुट्टी मिळाली की ही निघालीच पिशवी घेऊन, आणि परत येणार ती कान तुटलेला कप नाहीतर बंद पडलेलं घड्याळ घेऊन. म्हणून चष्मेवालीने तिचं नाव भंगारशेठ ठेवलं होतं, आणि तिलाही ते मनापासून आवडायचं.

घर सजवायचं ठरलं तेव्हा भंगारशेठने नियमच काढला. भिंतीवर, फळीवर जे काही लागेल ते एकतर जुन्या सामानाच्या दुकानातलं, नाहीतर आपापल्या घरचं. नवं कोरं काही नको. लगेच तिने आपल्या आजोबांचा रेडिओ आणून खिडकीत ठेवला. त्याचा आवाज कधीच गेला होता, पण आजोबा त्याला कशा चापट्या मारायचे हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला करून दाखवायची.

“आता तू,” ती म्हणाली. “तुझ्या घरचं काहीतरी लाव की.”

“आमच्याकडे तसलं काही नाही,” चष्मेवाली म्हणाली.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. अहो, तिच्या पलंगाखालच्या पिशवीत आईने शिवलेली अख्खी गोधडी पडून होती. आई एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाई विभागात फाटक्या चादरी शिवायचं काम करायची. भंगारशेठला सांगताना मात्र चष्मेवालीने ‘आई हॉस्पिटलमध्ये आहे’ एवढंच सांगितलं होतं. भंगारशेठ ती नर्स आहे असं धरून चालली, आणि हिने ते चालू दिलं.

आणि गोधडी कशाची, तर बाद झालेल्या चादरींचे काठ, कामगारांच्या निळ्या कोटांचे तुकडे, चष्मेवालीचा शाळेचा फ्रॉक, आणि बरोब्बर मधोमध तिच्या वारलेल्या बाबांचा शर्ट. बाबा एका गोदामावर पहारेकरी होते. शर्टाचा खिसा आईने तसाच ठेवला होता, आत गळलेल्या शाईच्या डागासकट. हे भिंतीवर लावायचं म्हणजे घरातली सगळी धुणी चारचौघांत वाळत घालायची, असं चष्मेवालीला वाटायचं.

गोधडीचा एक कोपरा चार बोटं उघडाच होता. त्यांच्या घरची ती जुनी पद्धत. शेवटचा कोपरा शिवायचा राहू द्यायचा, आणि गोधडी ज्या घरात जाईल त्या घरात बसून शेवटचा टाका घालायचा. तो टाका पडला की गोधडी त्या घरची झाली. “मी येईन तुझ्याकडे, तेव्हा शिवीन,” आई म्हणाली होती. चष्मेवालीने “हो हो, ये की” म्हटलं होतं आणि बोलावणं आजवर टाळलं होतं.

बरं, एवढीच लाज होती तर राहू द्यायची पलंगाखाली. पण नाही. भंगारशेठ झाडलोट करताना पलंगाखाली केरसुणी घालायला लागली, की ही धावत जाऊन तिच्या हातातली केरसुणी घ्यायची. शेवटी एके दिवशी जुन्या कपड्यांबरोबर गोधडी बांधून ती गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या जुन्या सामानाच्या दुकानात नेऊन दिली. नेहमीच्या दुकानात दिली तर भंगारशेठच्या नजरेला पडेल, एवढी हुशारी तिने केली. तिला वाटलं, सुटले.

कसली सुटतेय. पुढच्याच महिन्यात नेहमीचं दुकान रंगकामासाठी बंद राहिलं, आणि भंगारशेठ फिरत फिरत दुसऱ्या टोकाला पोहोचली.

संध्याकाळी चष्मेवाली कामावरून आली तर समोरच्या भिंतीवर बाबांचा शर्ट. ती चप्पल न काढताच उभी राहिली.

“मिळाली की नाही मस्त?” भंगारशेठ स्टुलावरून उतरत म्हणाली. “एक कोपरा उसवला होता, तो मी शिवून टाकला. हे बघ.”

कोपऱ्यावर पिवळ्या दोऱ्याचं छोटंसं फूल होतं. केकवर ती काढायची, अगदी तसंच.

तेव्हाच सांगितलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. दोघी हसल्या असत्या, फार तर एक संध्याकाळ अवघडल्यासारखी गेली असती. पण चष्मेवाली म्हणाली, “बरी आहे,” आणि हातपाय धुवायला गेली. एकदा बरी म्हटल्यावर आता काय बोलणार? दिवसामागून दिवस गेले. चहा पिताना भंगारशेठ त्या गोधडीकडे बघत बसायची आणि म्हणायची, “कोण असेल गं ही बाई? नवऱ्याचा शर्ट असणार हा, नाहीतर कोण खिसा ठेवतंय. आणि घरच्यांनी दिली टाकून. लोकांना काही वाटत कसं नाही?”

“असतात लोक,” चष्मेवाली म्हणायची. त्या भिंतीकडे पाठ करून बसायची तिला सवयच लागली.

आणि मग आईचा फोन आला. “रविवारी येते. सकाळच्या बसने येईन, दुपारच्या बसने परत. सुई-दोरा घेऊनच येते.”

चष्मेवालीने मनातल्या मनात सगळा हिशेब मांडला. रविवारी भंगारशेठला संध्याकाळपर्यंत बेकरीत काम. आईची बस त्याच्या आधी. दोघींची गाठ पडायची नाही. गोधडी भिंतीवर आहे हे उलट बरंच, आईला वाटेल पोरीने मानाने लावली. कोपऱ्याचं काय ते बघू. एकच गोष्ट आईला कळता कामा नये, की आपण ती टाकून दिली होती. बाकी काहीही होवो.

आई आली. दारातूनच तिला भिंत दिसली आणि ती तिथेच थांबली. नजर आताशा अधू झाली होती, तरी तेवढं तिला दिसलं. ती हळूहळू जवळ गेली आणि शर्टाच्या खिशावर हात ठेवून उभी राहिली.

“मला वाटलं होतं तू ठेवून दिली असशील कुठेतरी,” आई म्हणाली. “आमचं काय, जुनं-पानं. तुमची घरं वेगळी. आणि तू तर भिंतीवर लावलीस गं.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चष्मेवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने पाणी आणायचं निमित्त केलं आणि उगाच दोन भांडी विसळली.

बाहेर आली तर आईने पिशवीतून सुयांची छोटी डबी काढली होती आणि बोटांनी ती उघडा कोपरा शोधत होती. एक कोपरा झाला, दुसरा झाला. मग पिवळ्या फुलावर तिचं बोट थांबलं.

“हा कुणी शिवला?”

“मी,” चष्मेवाली म्हणाली.

“तू?”

“हो. म्हटलं, तुझ्या डोळ्यांना त्रास नको.”

आता ऐका. हीच मुलगी, जिचं शाळेतलं शिवणकाम रात्री जागून आईने पुरं केलं होतं. साधं बटण लावायचं तरी सुट्टीत घरी शर्ट घेऊन जाणारी. आईने तिच्याकडे पाहिलं, फुलाकडे पाहिलं. “बरं,” म्हणाली, आणि डबी बंद करून मांडीवर ठेवली.

तेवढ्यात दार उघडलं आणि हातात केकचा डबा घेऊन भंगारशेठ आत आली. मैत्रिणीची आई पहिल्यांदा घरी येतेय हे फोनवरच्या बोलण्यातून तिच्या कानावर पडलं होतं, म्हणून तिने मुद्दाम लवकर सुट्टी मागून घेतली होती.

“नमस्कार काकू. थांबा, पायाबिया पडू का, की आधी केक?” ती हसत म्हणाली.

“ये गं, बस,” आई म्हणाली. “ही माझी गोधडी बघत होते. तिच्या बाबांचा शर्ट आहे ना तो. कोपरा तेवढा मी राखून ठेवला होता, तो हिने शिवला म्हणे. किती छान फूल काढलंय, नाही?”

भंगारशेठच्या हातातला डबा तिथल्या तिथे राहिला. तिने चष्मेवालीकडे पाहिलं. भंगारशेठला एकेक गोष्ट उमगत गेली, ते तिच्या चेहऱ्यावर चष्मेवालीने समोर उभं राहून पाहिलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते तिला त्या दिवशी कळलं.

“हो काकू,” भंगारशेठ म्हणाली. “छान शिवलाय.”

मग केक कापला. त्यावर तसंच पिवळं फूल होतं, आईने ते निरखून पाहिलं. भंगारशेठ आईला धुलाई विभागातलं सगळं विचारत राहिली. चादरी बाद कधी ठरतात, ठिगळ कुठे लावतात, दिवसभर बसून पाठ दुखत नाही का. आई कधी नव्हे ती भरभरून बोलत होती. भंगारशेठने आजोबांच्या चापट्या करून दाखवल्या तेव्हा तर पदर तोंडाला लावून हसली. चष्मेवालीला वाटलं, निभावलं. तिच्याकडे दोघींपैकी कुणी फारसं बघत नव्हतं, पण ते तिने मनावर घेतलं नाही.

निघायची वेळ झाली. आईने पायात चपला घातल्या, पुन्हा वळली, आणि सुयांची डबी भंगारशेठच्या हातात ठेवली.

“ही तू ठेव. आमच्याकडे असं आहे बघ, शेवटचा टाका पडला की गोधडी त्या घरची. इथे तो तू घातलास, म्हणून ती तुझी.”

“काकू, अहो मी कुठे...”

“असू दे. तुझ्या हातात आहे टाका. उन्हात घालत जा अधूनमधून.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर चष्मेवालीला भांडता तरी आलं असतं.

बस थांब्यापर्यंत मायलेकी चालत गेल्या. आईची पिशवी चष्मेवालीने घेतली होती. सांगायला किती होतं, पण ती बसच्या वेळाच विचारत राहिली. आईही शेजारच्यांचं, भाजीचं, असलंच काहीबाही बोलत होती. बस लांबून दिसली तेव्हा चष्मेवालीला रडूच आलं.

“आई, मी ती दुकानात देऊन टाकली होती,” ती म्हणाली. “मला लाज वाटायची.”

“कळलं मला,” आई म्हणाली. “शर्ट कुणाचा ते तुझ्या मैत्रिणीला माझ्याकडून कळलं, तेव्हाच.”

“माझं चुकलं. मला दुसरी शिवून दे. तशीच. मी लावीन भिंतीवर, कुणी काही म्हणू दे.”

आईने तिच्या हातातून पिशवी घेतली. “आता दिसत नाही गं बाळा. ती शिवतानाच दोरा ओवायला शेजारच्या पोरीला हाक मारत होते. ती शेवटचीच म्हणून बाबांचा शर्ट घातला तिच्यात.”

गावभर लोकांना चष्मे लावून देणारी ती, आणि तिच्याच आईला दोरा ओवता येत नव्हता. गेल्या वर्षी आईने फोनवर विचारलं होतं, तुझ्या दुकानात येऊ का नंबर काढायला, आणि बरोबरीच्या मुली काय म्हणतील म्हणून हिने, तिकडेच काढ की, असं सांगितलं होतं.

“आजची बस जाऊ दे,” ती आईचा हात धरून म्हणाली. “आत्ता चल माझ्या दुकानात. मी स्वतः नंबर काढते.”

“आता कशाला?” आई म्हणाली. “आता शिवायचं काय राहिलंय?”

तिने हात सोडवून घेतला आणि बसमध्ये चढली.