एका बोटाचा रंग

हात धुतलेत का? नसतील तर आधी धुऊन या, मग बोलू. मी ग्लुकोमीटर बोलतोय. खरं तर हा प्रश्न माझा नाही, आईचा आहे. तो मी कधी आणि कसा उचलला, हे सांगण्यासाठीच आज तोंड उघडलंय.

माझा जन्म एका कारखान्यात, माझ्यासारख्याच हजारो भावंडांबरोबर झाला. तिथे आम्हाला एकच शिकवण मिळाली. रक्ताचा थेंब आला की पाच सेकंदांत त्यातल्या साखरेचा आकडा सांगायचा, मखलाशी करायची नाही. मला याचा भारी गर्व होता. माणसं वजन सांगताना दोन किलो खातात आणि वय सांगताना पाच वर्षं गिळतात. मी मात्र इकडचा आकडा तिकडे करणार नाही, असं मी छाती काढून म्हणायचो. छाती नाही मला, पण ऐट होती.

मी आलो तो एका किल्ल्यांच्या दुकानात. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचं घर, आणि राहणाऱ्या दोघी, आई आणि तिची लेक. गिऱ्हाइकं लेकीला ताई म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. ताईला अकराव्या वर्षापासून टाइप वन डायबेटिस. म्हणजे तिच्या शरीरात इन्सुलिन बनायचंच बंद झालंय, ते इंजेक्शनने घ्यावं लागतं. कमी पडलं की साखर चढते, जास्त झालं की अशी उतरते की माणूस उभ्या उभ्या कोसळतो. गोड खाण्याशी याचा काही संबंध नाही, हे नातेवाइकांना सांगून सांगून आईची जीभ झिजली. तरी एक आत्या दर भेटीत विचारतेच, "लहानपणी साखरेचा डबा फस्त करायचीस ना गं?"

"हो आत्या," ताई म्हणते, "झाकणासकट."

दिवसभर किल्ल्या कापून दोघींच्या बोटांवर पितळेची भुकटी बसलेली असायची. म्हणून ताईने मला उचललं रे उचललं की आतून आवाज यायचा, "हात धुतलेस का?" दिवसातून सहा-सात वेळा, नऊ वर्षं. या बाईला दुसरं वाक्य येत नाही, असं माझं ठाम मत झालं होतं.

मग ताईला फिटनेस स्पर्धेचं वेड लागलं. मी जिमच्या पिशवीत राहायला गेलो, गुडघ्याचे पट्टे आणि एका पायातल्या मोज्याशेजारी. तो मोजा कधी धुतला गेल्याचं मला आठवत नाही. तिथे कोच भेटले. तोंडावर सगळे त्यांना सर म्हणत आणि पाठीमागे कपाट, कारण ते दारातून आडवे होऊनच आत येत. एवढा अगडबंब माणूस, पण रक्ताचा थेंब दिसला की भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा.

"झालं का?" भिंतीलाच विचारायचे.

"झालं, सर. एकसष्ट, उतरलीय. ग्लुकोजच्या गोळ्या खाते."

"डाएटमध्ये गोळ्या नाहीत."

"सर, हे खाणं नाही, औषध आहे."

मग कपाट आपल्या वहीत गंभीरपणे लिहायचे, 'औषध, संत्र्याच्या चवीचं, तीन नग.' पण वही त्यांनी इमानाने भरली. वजनं उचलली की ताईची साखर चढते, पळाली की उतरते, आणि पायांच्या व्यायामानंतर दुसऱ्या दिवशीसुद्धा पुन्हा उतरते, हे त्यांना डॉक्टरांच्या खालोखाल पाठ झालं.

पहिल्या स्पर्धेत मात्र घात झाला. स्टेजच्या भीतीने साखर दोनशे साठवर गेली. ताईने घाईत इन्सुलिन घेतलं आणि रांगेत उभी असतानाच हातपाय कापायला लागले. पडद्यामागे जमिनीवर बसून ती गोळ्या चावत होती, आणि बाहेर तिचा नंबर तीनदा पुकारला गेला. घरी येताना ती एकच वाक्य बोलली, "पुढच्या वेळी नंबर येऊ दे नाहीतर नको येऊ दे, पण शेवटपर्यंत उभी राहणार."

ती पुढची वेळ एका वर्षाने आली. स्टेजसाठी अंगभर तपकिरी रंग लावतात, स्नायू उठून दिसावेत म्हणून. ताईला भिंतीसारखे तीन हात दिले होते. रंग ओला होऊ द्यायचा नाही, अशी कपाटांची सक्त ताकीद होती. आत सगळ्याजणी चमच्याने मध चाटत होत्या. त्याने म्हणे शिरा फुगतात. शेजारणीच्या बरणीचं झाकण घट्ट बसलं होतं, ते ताईने उघडून दिलं. किल्लीवालीचे हात, एका झटक्यात निघालं. तिने स्वतः मध खाल्ला नव्हता.

मग तिने बोट टोचलं. मी पाच सेकंद मोजले आणि सांगितलं, तीनशे शहाऐंशी.

कपाटांनी चक्क भिंत सोडून माझ्याकडे पाहिलं. "टेन्शनने चढली. गेल्या वर्षीसारखीच."

"गेल्या वर्षी एवढी नव्हती, सर." ताईने आकडा पुन्हा वाचला. तरी तिने इन्सुलिनचं पेन काढलं आणि त्यावर चार युनिट लावले, टोचायचंच बाकी होतं. मला माझ्या आकड्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. कोपऱ्यात ताईची चप्पल सांभाळत बसलेली आई उठली.

"हात धुतलेस का?"

"आई, हाताला रंग आहे. पाणी लावायचं नाही."

"अगं, यांना सांग तरी," कपाट कळवळले. "तीन हात दिलेत."

"तुमचे तीन हात राहू द्या. मला तिचं एक बोट द्या." आईने बाटलीतल्या पाण्यात रुमाल भिजवला आणि ताईचं डाव्या हाताचं एक बोट असं घासलं की ते मूळ रंगात आलं. ते पुसून कोरडं केलं आणि पुन्हा टोचलं.

सत्त्याहत्तर. चढलेली नव्हतीच, उलट उतरणीच्या काठावर होती.

आईने शेजारणीच्या मधाच्या बरणीकडे बोट दाखवलं. बोटावर मध वाळला होता आणि मी तो मध मोजला होता. ते चार युनिट गेले असते तर ताई स्टेजवरच कोसळली असती, आणि तेही माझ्या शब्दावर. इतक्या वर्षांची ऐट त्या पाच सेकंदांत उतरली. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

ताईने पेन बंद केलं, शेजारणीकडे हात पसरला आणि म्हणाली, "दोन चमचे मला पण दे." कपाटांनी वहीत लिहिलं, 'औषध, मध.'

त्या दिवशी ताई शेवटपर्यंत उभी राहिली. बोटं पसरून दाखवायच्या पोझमध्ये नऊ बोटं तपकिरी आणि एक फिकट. परीक्षकांनी खाली वाकून काहीतरी लिहिलं. तिसरा नंबर आला. कपाट अजून म्हणतात, बोट नसतं तर दुसरा होता. आई म्हणते, बोट नसतं तर काय झालं असतं ते सांगू का? मग ते भिंतीकडे बघतात.

आता ताईच्या दंडावर चिकटणारा सेन्सर आहे, तो टोचल्याशिवाय आकडे सांगतो. मी दुकानाच्या खणात, कोऱ्या किल्ल्यांच्या शेजारी असतो. सेन्सरचं आणि ताईचं पटलं नाही की मला साक्षीला बोलावतात. वर भिंतीवर ताईचा त्या पोझमधला फोटो आहे. गिऱ्हाईक विचारतं, हे एक बोट असं कसं? आई किल्ली कापता कापता सांगत बसते, आणि दरवेळी मी पुन्हा लाजतो.

माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. माझ्यावर विश्वास ठेवा, पण आधी हात धुवा. मला फक्त थेंब दिसतो, माणूस दिसत नाही. तो आईला दिसतो.

आज सकाळी ताई जिमला निघाली, तर आतून आवाज आला, "हात धुतलेस का?"

"आई, आता टोचावं लागत नाही."

"मला माहीत आहे," आई म्हणाली. "तरी धू."

ताईने पिशवी खाली ठेवली आणि हात धुतले.