सासरे गेले लेसरवाल्यांकडे

माझ्या सासऱ्यांना लेसरवाल्यांनी पळवलं. तेही भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मी तेव्हा त्यांच्यासाठीच थर्मासमधून चहा ओतत होते!

पण आधी लीगचं सांगते, नाहीतर माझा संताप कळणार नाही. म्युनिकजवळ गार्चिंगच्या कॅम्पसवर दर उन्हाळ्यात इन्स्टिट्यूटांची फुटबॉल लीग व्हायची. आठ टीम, प्रत्येकीत सात जण, बायका-पुरुष एकत्र. खेळ गल्लीतला, पण कारभार पक्का जर्मन. श्पीलप्लान, म्हणजे कुणाची मॅच कुणाशी आणि किती वाजता, हे जानेवारीतच ई-मेलने यायचं. खिडकीबाहेर बर्फ, आणि आम्हाला मात्र जुलैतल्या संध्याकाळचा हिशेब ठाऊक. २००७ साल होतं. वर्ल्ड कप आदल्या वर्षी इथेच होऊन गेलेला, नवी यू-बान, म्हणजे मेट्रो, थेट कॅम्पसपर्यंत आलेली, त्यामुळे ज्याला त्याला फुटबॉल खेळायचा होता. म्हणून त्या वर्षी नवा नियम आला: जी टीम शेवटची येईल ती बाहेर, तिची जागा रांगेतल्या नव्या टीमला.

आणि आदल्या वर्षी शेवटचे कोण? आम्हीच. प्लाझ्मा इन्स्टिट्यूटवाले.

ही टीम मी उभी केली होती. मी ऊर्जा, मूळची ठाण्याची. पीएचडीचं तिसरं वर्ष, आणि माझा प्रयोग काही केल्या जमत नव्हता. प्रोफेसर रोज "आल्झो, ऊर्जा...", म्हणजे "तर मग, ऊर्जा...", अशी सुरुवात करायचे आणि पुढे सुस्कारा टाकायचे. आठवड्यातून एकदा त्या गवतावर जाऊन गोलमध्ये उभं राहायचं आणि गळा फाटेस्तोवर ओरडायचं, एवढ्यावर मी तग धरून होते. टीम गेली असती तर मी वेडी झाले असते. गंमत नाही करत.

त्यामुळे मेन्साच्या, म्हणजे कॅन्टीनच्या रांगेत नवा चेहरा दिसला, की ट्रे खाली ठेवायच्या आत माझा पहिला प्रश्न, "फुटबॉल खेळतोस का?" भास्कर हा आमचा पोस्टडॉक, जाड चष्म्याचा, अंगावर चेंडू आला की आधी चष्मा सांभाळणारा, त्याला मी डिफेन्सला घातलं, कारण तो उंच होता. पुण्याहून सिद्धेश आला. "खेळतोस?" "हो, रोज!" मी खूष. पहिल्या प्रॅक्टिसला कळलं, की हा रोज खेळायचा तो कॉम्प्युटरवर. पण पोरगा जिद्दी, पळायला लागला. बाकीचे जर्मन आणि एक इटालियन, सगळे माझ्या पोह्यांवर मिळवलेले.

मे महिन्यात माझे सासरे आले. शरदचंद्र, कोल्हापूरच्या एका कॉलेजातून रिटायर झालेले फिजिकल डायरेक्टर. त्यांनी आयुष्यभर कॉलेजच्या टीम बांधल्या, झोनलला नेल्या, ढाली आणल्या. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. तिथे तालमींच्या टीम असतात, पेठा-पेठांत मॅच असते, आणि ज्या टीमची जर्सी अंगात घातली तिच्यासाठी सख्ख्या भावाच्याही पायातून चेंडू काढतात. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी तिकडेच राहिल्या, म्हणून बाबा एकटेच आले.

बाबांची एक खोड होती. ते माझ्याशी थेट बोलत नसत. राग वगैरे काही नाही हं, त्यांची पद्धतच तशी. "वेदांग, तिला सांग, आमटी झकास झालीय." वेदांग माझा नवरा, म्युनिकमधल्या सॉफ्टवेअर कंपनीत, सकाळी गेला की संध्याकाळी उगवणार. तो नसला की बाबा भिंतीला सांगायचे, "आता चहा मिळाला तर बरं होईल." आणि मी मुकाट चहा टाकायची.

दिवसभर घरात बसून माणूस कंटाळणार, म्हणून मी त्यांना प्रॅक्टिसला नेऊ लागले. कडेच्या बाकावर उशी ठेवायची, थर्मास द्यायचा, डोक्यावर टोपी. बाबा तासभर बसायचे. हात मांडीवर घट्ट आवळलेले, ओठ हलताहेत, मधूनच उजवा पाय आपोआप उचलला जातोय. मला वाटायचं, किती छान, उन्हात बसून जप करताहेत!

कोच व्हाल का, असं त्यांना विचारावं हे मनात आलं नाही का? दहा वेळा आलं. पण सासऱ्यांना कसं म्हणायचं, "बाबा, जरा आमच्यामागे पळा"? पाहुणा माणूस, वयाचा मान, लोक काय म्हणतील. कोण लोक, ते विचारू नका. गार्चिंगमध्ये माझ्या सासरचं एकही माणूस नव्हतं, तरी लोक होतेच. आणि तिकडे बाबा वाट बघत होते, की कुणी बोलवेल. न बोलावता पुढे होणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दोघं मानाच्या आपापल्या खुर्चीत ताठ बसलो होतो, आणि टीम हरत होती.

मग तो माटियास आला. लेसरवाल्यांचा कॅप्टन, तोंडभर हसणारा. त्यांची टीम लीगमध्ये वरच्या तीनात. प्रॅक्टिस संपवून जाताना बाबांच्या पायाची हालचाल त्याने बघितली, थेट बाकापाशी गेला आणि इंग्रजीत म्हणाला, "सर, तुम्ही कोच आहात ना? आमच्याकडे याल?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. उठले, टोपी काढून बाकावर ठेवली, आणि म्हणाले, "येस."

मी चहा बुटांवर सांडला.

घरी आल्यावर मी वेदांगला झापझाप झापलं. "तुझे बाबा तिकडे गेले! शत्रूकडे!" तो बूट काढत म्हणाला, "तू विचारलं होतंस का?" मी म्हटलं, "विचारायचं कशाला? घरचे आहेत ना?" तेवढ्यात आतून आवाज आला, "वेदांग, तिला सांग, ज्यांनी बोलावलं त्यांच्याकडे गेलो." झालं!

दुसऱ्या दिवसापासून बाबांचं रूपच पालटलं. पहाटे उठून दाढी, गळ्यात शिट्टी. लेसरवाल्यांनी त्यांना हिरवी जर्सी दिली होती, ती इस्त्री करून घालायचे. संध्याकाळी पलीकडच्या मैदानावरून आवाज यायचा, "मार्क युवर मॅन! कुठं बघतोयस रे!" आणि सहा फुटी जर्मन पोरं धावत सुटायची. मराठी कळायची त्यांना म्हणे, आवाजावरून.

मी हार मानणार थोडीच. एका रविवारी खास तांबडा-पांढरा रस्सा केला. बाबांनी दोन वाट्या ओरपल्या. मी भांडी आवरत सहज म्हटलं, "लेसरवाले डावीकडून हल्ला करतात का हो, बाबा?" बाबांनी तिसरी वाटी पुढे केली आणि भिंतीला म्हणाले, "रस्सा एक नंबर." बस्स, एक अक्षर नाही! इतका राग आला मला, आणि खरं सांगू, थोडं कौतुकही वाटलं.

रागाने माझं एक भलं झालं. मी टीमला असं काही पिदडलं, की सिद्धेश कॉम्प्युटर विसरला आणि भास्करने चष्म्याला दोरी बांधली. आम्ही एक मॅच जिंकली, मग दुसरी. वेल्डिंगवाल्यांना तर तीन गोलांनी! तरी शेवटची मॅच उरली तेव्हा आम्ही तळापासून जेमतेम एक जागा वर होतो. बरोबरी झाली तर वाचणार, हरलो तर बाहेर. आणि जानेवारीत आलेल्या त्या श्पीलप्लानप्रमाणे शेवटची मॅच कुणाशी? लेसरवाल्यांशी. ते जिंकले तर लीगची ढाल त्यांची.

मॅचच्या सकाळी वेदांग ऑफिसला गेला. मी दूध तापवत होते. बाबा हिरवी जर्सी घालून टेबलाशी बसले होते. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग जरा थांबले, आणि चक्क माझ्याकडे वळले.

"मी आज त्या पोरांना एक गोष्ट सांगणार आहे," ते म्हणाले. "पेनल्टीला गोलकीपर दर वेळी स्वतःच्या डावीकडं पडते. उजवीकडं जात नाही, घाबरते. मे महिन्यापासून बघतोय."

माझ्या हातातली सांडशी खाली पडली. "अहो बाबा! घरचे असून?"

"मैदानात घर नसतंय. त्यांचा कोच आहे मी, माहीत असून सांगितलं नाही तर ती लबाडी. पण तुझ्या पाठीमागं सांगणं मला जमणार नाही, म्हणून तुलाही सांगितलं."

मी वाकून सांडशी शोधत राहिले. दूध मात्र उतू गेलं. दिवसभर लॅबमध्ये माझं लक्ष नव्हतं. बाबा आपल्याशी थेट बोलले, याचा आनंद मानायचा की आपलं गुपित फुटणार म्हणून रडायचं, तेच कळेना.

संध्याकाळी मैदानाच्या कडेला बरीच गर्दी जमली. वेदांग ऑफिसातून थेट आला आणि बरोबर मध्यरेषेवर उभा राहिला. "मी न्यूट्रल," म्हणाला. मी म्हटलं, "घरी चल, मग दाखवते न्यूट्रल."

लेसरवाल्यांनी आधी गोल केला. मग सिद्धेशच्या गुडघ्याला लागून चेंडू त्यांच्या गोलमध्ये गेला, आणि ते आपण मुद्दामच केलं असं तो अजूनही सांगतो. एक-एक. आम्ही बरोबरी जीव मुठीत धरून सांभाळत होतो. संपत आलं होतं, आणि तेवढ्यात भास्करच्या तोंडावर चेंडू आला. दोरी बांधली होती हो चष्म्याला! पण सवय ती सवय. त्याने दोन्ही हात वर केले, चेंडू हाताला लागला, शिट्टी वाजली. पेनल्टी.

माटियासने चेंडू ठेवला आणि बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली.

मी गोलमध्ये उभी. डोक्यात एकच: बाबांनी त्याला खरंच सांगितलं असेल का? की सकाळी मला फसवलं, म्हणजे मी उजवीकडे जाईन आणि हा डावीकडे मारेल? दुसरा कुणी असता तर मी हाच विचार केला असता. पण हा माणूस तिकडचा होता तर पूर्ण तिकडचा होता. तांबडा रस्सा पाजूनही ज्याच्या तोंडून शब्द निघाला नाही, तो माणूस खोटं बोलणार नाही. सांगतो म्हणाला म्हणजे सांगितलंच असणार. मला माझ्या सख्ख्या बाबांवर असेल तेवढा विश्वास त्या क्षणी ह्या बाबांवर वाटला.

माटियास धावला, आणि मी उजवीकडे झेपावले. उडी भयंकर वेडीवाकडी, दोन्ही डोळे मिटलेले. चेंडू मनगटावर आदळला, खांबाला लागला आणि बाहेर गेला.

मी गवतात तोंड खुपसून पडले होते, आणि सगळ्या गोंगाटात एक आवाज खणखणीत आला, "शाब्बास, ऊर्जा! शाब्बास पोरी!" मान वर केली तर हिरव्या जर्सीतले बाबा स्वतःच्या बाकासमोर दोन्ही मुठी वर करून नाचत होते. बाजूला त्यांची सगळी पोरं आ वासून बघत होती. मग बाबांच्या लक्षात आलं. मुठी खाली केल्या, जर्सी सारखी केली, आणि मॅच संपल्याची शिट्टी वाजताच आधी माटियासपाशी जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"सर," माटियास म्हणाला, "तुम्ही तिला सांगितलं होतं?"

"ऑफ कोर्स. तुला सांगितलं, तिलाही सांगितलं. दोघांना सारखंच."

माटियासने क्षणभर विचार केला आणि खो खो हसत सुटला. "गेनाऊ, बरोबर," म्हणाला, "एकदम फेअर." ढाल गेली ती गेली, पण बिअर आणायला पहिला तोच गेला.

आम्ही वाचलो. माझी टीम वाचली! मी भास्करला रागावले, मग मिठी मारली, सिद्धेशला उचलायचा प्रयत्न केला आणि दोघंही पडलो.

यू-बानकडे चालताना वेदांग मुद्दाम चार पावलं पुढे गेला. माझं मनगट टम्म सुजलं होतं. बाबा त्यांची उशी आणि माझी बॅग, दोन्ही धरून चालत होते. मी थांबले. म्हटलं, जे व्हायचं ते होवो.

"बाबा, पुढच्या सीझनला आमच्याकडे कोच म्हणून या. मी विचारतेय. मानाने बोलावतेय."

बाबाही थांबले. बराच वेळ हसू दाबत होते, शेवटी फसकन हसले.

"मे महिन्यात विचारलं असतंस तर हिरवी जर्सी घालायची वेळच आली नसती. डोळे लावून बसलो होतो त्या बाकावर."

"मला वाटलं तुम्ही जप करताय!"

"जपच करत होतो. तू उजवीकडं पडावंस म्हणून."

मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदम.

"आता पुढच्या वर्षाचा शब्द त्या पोरांना दिलाय," बाबा म्हणाले. "जानेवारीत श्पीलप्लान आला की त्याप्रमाणं तिकीट काढा. जर्सी बदलणार नाही."

"बरं," मी म्हटलं. थोडं वाईट वाटलंच.

बाबा दोन पावलं चालले आणि परत वळले. "पण घरामागं ते मैदान आहे ना, तिथं कुणाचीच जर्सी नसते. मनगटाची सूज उतरली की ये. उजवीकडचं सोड, तू डावीकडंसुद्धा चुकीची पडतेस."

मी म्हटलं, "कधी येऊ? उद्याच?"