गढीच्या बारवेतला कोप

गढीसमोर मुंगीला शिरायला जागा नव्हती. बायांनी साती आसरांच्या, म्हणजे पाण्यातल्या सात देवींच्या, पूजेची हळद तळहातांना फासली होती आणि हरिओम महाराज त्यावर कमंडलूतलं तीर्थ शिंपडत होते. थेंब पडला की हळद रक्तासारखी लाल होई.

“आसरा कोपल्या,” महाराज डोळे फिरवत म्हणाले. “बारवेत घागर बुडवाल, तर लेकरू बुडेल. बारव हाटेलाच्या हवाली करा.”

हॉटेलवाल्यांनी उपसलेलं आसरांना कसं चालतं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. उदगीरजवळच्या आमच्या या गढीचं आता महागडं हॉटेल झालंय. पाहुण्यांना राजासारखं डुंबायला पाणी हवं, आणि ते बारवेतच आहे. बारव हॉटेलला देण्याचा ग्रामसभेचा ठराव त्याच दुपारी व्हायचा होता, सरपंच त्याचा कागद घेऊनच उभे होते. मला तर संतापच आला. देवीच्या नावावर सरळसरळ पाणीचोरी चालली होती.

“म्हशी इकाव्या लागतेत बघा, बाई,” विठाबाई उज्वलाबाईंना म्हणाली. तिचं घर दोन म्हशींच्या दुधावर आणि म्हशी बारवेच्या पाण्यावर.

उज्वलाबाई शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांनी हसीनाला पुढे घेतलं. ती पूजेला बसली नव्हती, म्हणून तिच्या हाताला हळद नव्हती.

“महाराज, हिच्या हातावर शिंपडा.”

हात नुसता ओला झाला.

“परधर्माची आहे,” महाराज घाईने म्हणाले. “आसरा तिला ओळखत नाहीत.”

“रोज पानी भरून राहिले की मी,” हसीना म्हणाली. “वळखत कशा न्हाईत?”

लोक हसले आणि भीती निम्मी उतरली. बाईंनी बारवेचं पाणी विठाबाईच्या कोरड्या हळदीवर ओतलं. हळद पिवळीच राहिली. मग गर्दीतल्या भुजंगअण्णांच्या डबीतला पानाचा चुना त्याच पाण्यात कालवून शिंपडला. तळहात लालभडक झाला.

“गढी लिंपायला चुन्याचे हौद भरलेत ना?” बाई म्हणाल्या. “ त्यावरची निवळी कमंडलूत आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते. कुंकू असंच तर करतात.”

महाराज फाटकाकडे सरकले. तिथे उभ्या हॉटेलच्या मॅनेजरने ओळखच दाखवली नाही.

“सरपंच, ठराव फाडा,” विठाबाई म्हणाली. “आसरा आमच्या हायत, पानी बी आमचंच हाय.” आणि ती घागर घेऊन बारवेच्या पायऱ्या उतरली. तिच्यामागे साऱ्या बाया उतरल्या.

देव मानायचा तर खुशाल माना. पण देवाचं नाव घेऊन कुणी तुमचं पाणी मागायला आला, तर आधी विचारा, यात फायदा कुणाचा? आणि उत्तर मिळेपर्यंत एक पायरीही मागे सरू नका.