दत्तरावांकडे बाईचा चार्ज

आमच्या कालव्याच्या ऑफिसात कुठलीही खुर्ची रिकामी राहत नाही. माणूस बदलून जावो, रिटायर होवो नाहीतर मरो, त्याच दिवशी त्याच्या कामाचा चार्ज शेजारच्याकडे जातो. आमचा शिपाई सटवाजी एका उन्हाळ्यात जीपचा ड्रायव्हर होता आणि त्याला सायकलसुद्धा येत नाही. त्यामुळे पुढं जे घडलं त्याचं परभणीत कुणाला नवल वाटलं नाही. मला वाटलं, पण मी पडले कनिष्ठ लिपिक, तीही दाराजवळच्या टेबलावरची. माझं नवल कोण विचारतं?

झालं असं की वरून पत्र आलं. प्रत्येक नव्या महिला अभियंत्याला एक ज्येष्ठ महिला अभियंता मार्गदर्शक म्हणून नेमा. तिनं लायकीचा शेरा दिला तरच त्या मुलीला कालव्याचा स्वतंत्र चार्ज द्या. नाव संध्याकाळपर्यंत कळवा, 'निरंक' चालणार नाही.

आमच्याकडे नवी महिला अभियंता एकच, सुकेशनी. ज्येष्ठ एकही नाही. सुकेशनीला शेवटच्या टोकाच्या शाखेचा चार्ज हवा होता, कारण तिचं गाव त्याच टोकाला. तिथल्या कालव्याच्या चारीत पोरं क्रिकेट खेळतात, इतकी ती कोरडी. पाणी सुटायच्या आत शेरा मिळाला नाही तर चार्ज हरिओमला जाणार होता. हा पोरगा तिच्यानंतर नोकरीला लागलेला, आणि गेट कोणत्या बाजूला फिरवलं की उघडतं हे अजून तिलाच विचारणारा.

साहेबांनी जरा छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "माधवीताई, टाइप करा. महिला मार्गदर्शक या पदाचा अतिरिक्त कार्यभार दत्तरावांकडे."

दत्तराव म्हणजे आमचे सगळ्यांत जुने अभियंता. झुपकेदार मिशा आणि कालव्याच्या पलीकडून हाक मारली तरी अलीकडचं कुत्रं उठून बसेल असा आवाज.

"साहेब, मी पुरुष हाय," ते म्हणाले.

"मूळ पदावर आहात हो. हा अतिरिक्त आहे."

माणूस इमानदार. त्यांनी चार्ज मनापासून घेतला. पण ऑर्डर निघाली आणि दुसऱ्याच दिवशी पाहुणे आले, तर औक्षणाचं ताट दत्तरावांच्या हातात. मीटिंगमध्ये ते बोलले तेव्हा सगळे मोबाइल बघत बसले. तेच हरिओम बोलला तर साहेब म्हणाले, "वा, काय मुद्दा काढला!" शेतकरी दत्तरावांच्या टेबलासमोर उभे राहून त्यांनाच विचारू लागले, "साहेब कुठं हायेत?" एवढ्या मिशा दिसत असताना! साहेबीणबाईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं. तिथून मात्र ते प्लास्टिकची चाळणी वाण घेऊन खुशीत परत आले. त्या महिन्यातला त्यांचा तेवढाच सन्मान.

शेवटी त्यांनी शेरा लिहिला: सुकेशनी सर्वतोपरी लायक. साहेबांनी वाचला.

"चांगला आहे. पण बाईची शिफारस बाईनंच केलेली. एका पुरुष अधिकाऱ्याचीही सही आणा."

"मंग मीच करतो की!"

"तुम्ही कशा कराल?" साहेब म्हणाले, आणि फाईल परत दिली.

दत्तराव माझ्या टेबलाशी येऊन धपकन बसले. "माधवीताई, माझं कुणी ऐकायलंच न्हाई. तुमी बाया कसं करता हो हे?"

मला हसू आलं आणि भयंकर रागही आला. इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी विचारला, तोही स्वतःच्या पायात काटा रुतला तेव्हा. पण समोर सुकेशनी पडलेल्या चेहऱ्यानं उभी होती. म्हणून त्या दोघांना मी पूर्णेला आमच्या गल्लीत गीताबाईंकडे नेलं. गीताबाई आमच्याच ऑफिसातल्या पहिल्या बाई अभियंता. रिटायर झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

त्या अंगणात तूर पाखडत होत्या. सुकेशनीनं जयभीम घातला आणि सगळी हकिकत सांगितली. दत्तराव बाई झाले हे ऐकूनही गीताबाईंचं सूप थांबलं नाही.

"मीटिंगला बसता कुठं?" त्यांनी विचारलं.

"दाराजवळ," दोघं एकदम म्हणाले.

"तितंच चुकलं. दाराजवळच्याला चहा सांगतेत, झेरॉक्स सांगतेत. मंग काम कवा सांगावं? पोरी, सगळ्यांच्या आधी जा न् साहेबाच्या बाजूला बस. गेटाच्या कुलपाची चावी कुठं असती आता?"

"साहेबांच्या केबिनमध्ये, खिळ्याला."

"ती रजिस्टरात सही करून ताब्यात घे न् टेबलावर ठिव. ज्याच्याम्होरं चावी त्याच्याशी लोक बोलतेत. न् 'चार्ज द्या' म्हणू नको. मागितलं की ते इचार करायला बसतेत. 'उद्या सातला गेट उघडायलेय' म्हण."

सुकेशनीपेक्षा दत्तरावच जास्त मान हलवत होते.

मीटिंगच्या दिवशी सुकेशनी साहेबांच्या उजव्या हाताला बसली, दत्तराव डाव्या. मध्ये चावी. हरिओम नेहमीसारखा उशिरा आला आणि उरलेल्या खुर्चीवर बसला. ती दाराजवळची होती. साहेबांनी सवयीनं दाराकडे पाहिलं. "हरिओम, चहा सांग." मग बिस्किटं. मग झेरॉक्स. चार्जचा विषय निघाला तेव्हा हरिओम टपरीवर होता.

तेवढ्यात टोकाच्या गावची कमलबाई चार बायका घेऊन आत घुसली. चावी बघितली आणि थेट सुकेशनीला म्हणाली, "बाई, पाणी कवा सोडता?"

"उद्या सातला गेट उघडायलेय."

साहेबांनी तोंड उघडलं. चावीकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं आणि मिटलं. "माधवीताई, टाइप करा," ते म्हणाले.

"पुरुष अधिकाऱ्याची सही?" मी मुद्दाम विचारलं.

"आणा इकडे," म्हणत त्यांनी स्वतःच केली. दत्तरावांनी तिथल्या तिथं अर्ज दिला की सदर पदासाठी माझा अनुभव अपुरा आहे, चार्ज काढून घ्यावा.

पाणी टोकाला पोचलं तेव्हा आम्ही तिघं चारीच्या काठावर होतो. पोरं स्टंप उचलून पळत होती. सुकेशनी रडत होती आणि ते लपवतही नव्हती. तिनं गीताबाईंना फोन लावला, स्पीकरवर.

"ताई, पाणी आलं! तुमाला हे सगळं कोणी शिकवलं हो?"

पलीकडे सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कोण शिकवणार, माय? मी एकटीच व्हते. सगळी नोकरी दाराजवळ बसून काढली. निरोपाच्या दिशी हार घालून पहिल्यांदा साहेबाच्या शेजारी बसवलं, तवा तितून समदं दिसलं. दारात चहाचा ट्रे घेऊन माधवी उभी व्हती. तिला तेवढं सांगायचं राहूनच गेलं बघ."

दत्तरावांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बरं केलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडल्याबरोबर मी सटवाजीला बोलावलं. टेबलाचं एक टोक त्यानं धरलं, एक मी धरलं आणि दारापासून उचलून ते आम्ही खिडकीखाली नेऊन ठेवलं.